दोन खेळ आणि ‘व्यावसायिक’ हा एक शब्द : एल्सवर्थ व्हाइन्स

१/ विम्बल्डन, १९३२, अंतिम सामना. वीस वर्षांच्या एल्सवर्थ व्हाइन्सने अखेरची सर्व्हिस केली आणि सामना ६-४, ६-२, ६-० असा संपला. तो चेंडू आपल्या डावीकडून गेला की उजवीकडून, हेही कळले नाही, असे प्रतिस्पर्धी बनी ऑस्टिन पुढे सांगत असे. हाच व्हाइन्स नंतर गोल्फ क्लबांत शिक्षक झाला. ते कसे घडले, त्याची ही कथा.

२/ व्हाइन्सचा जन्म १९११चा, लॉस एंजेलिसमधला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात तो बास्केटबॉलही खेळला. १९३१ आणि १९३२ अशी लागोपाठ दोन वर्षे तो अमेरिकेचा टेनिस विजेता ठरला. १९३३च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात जॅक क्रॉफर्डने त्याला पाच सेटमध्ये हरवले. त्याच वर्षी व्हाइन्सने व्यावसायिक खेळाडू होण्याचा करार केला.

३/ या सहीची किंमत मोठी होती. विम्बल्डनसारख्या स्पर्धा केवळ ‘हौशी’ खेळाडूंसाठी होत्या. तिकिटे विकली जात, पण विजेत्याला बक्षिसाची रक्कम मिळत नसे. आणि खेळावर उघडपणे पोट भरणाऱ्याला प्रवेशच नसे. हा नियम १९६८ साली मोडला. व्हाइन्सला विम्बल्डनचे दार बंद झाले, तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता.

४/ पुढे शहरोशहरी फिरते सामने सुरू झाले. १९३४ मध्ये समोर बिल टिल्डन होता. १९३७च्या दौऱ्यात फ्रेड पेरीवर त्याने ३२-२९ अशी मात केली. १९३९ मध्ये मात्र डॉन बजने त्याला मागे टाकले. त्यानंतर लवकरच व्हाइन्सने टेनिस सोडले.

५/ आता तो गोल्फकडे वळला. या खेळात व्यावसायिकांना मज्जाव नव्हता. यूएस ओपन १८९५ पासून त्यांना खुली होती. परंतु मान वेगळा आणि प्रवेश वेगळा. क्लबचा ‘प्रो’ म्हणजे सभासदांना शिकवणारा, साहित्य विकणारा, काठ्या दुरुस्त करणारा पगारी माणूस. १९२०च्या यूएस ओपनमध्ये टोलेडोच्या इनव्हर्नेस क्लबने व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये येऊ दिले, हीच त्या काळी मोठी बातमी होती.

६/ १९४२ मध्ये व्हाइन्स व्यावसायिक गोल्फपटू झाला. १९५१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ओकमॉंट येथील पीजीए अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत तो पोहोचला. ३६ होलनंतर बरोबरी होती. ३७व्या होलवर वॉल्टर बर्केमोने त्याला हरवले.

७/ मात्र स्पर्धा हे त्याचे रोजचे काम नव्हते. एकेकाळचा जगातला सर्वश्रेष्ठ टेनिसपटू क्लबच्या सभासदांना काठी कशी धरावी, पाय कुठे ठेवावेत हे शिकवीत होता. या उत्तरार्धाला अनेक जण उतरण मानतील. पण टेनिसने ज्या कमाईसाठी त्याला बाहेर ठेवले, तीच कमाई गोल्फमध्ये त्याला उजळ माथ्याने करता आली आणि मोठ्या स्पर्धेतही उतरता आले.

८/ १९६२ मध्ये न्यूपोर्टच्या टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव कोरले गेले. तेव्हाही व्यावसायिकांना विम्बल्डन बंदच होते. टेनिसने त्याचा गौरव केला, पण त्याला बाहेर ठेवणारा नियम हटायला आणखी सहा वर्षे लागली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील ला क्विंटा येथे व्हाइन्सचे निधन झाले.

९/ जुन्या विजेत्यांच्या याद्या वाचताना एवढे ध्यानात ठेवावे : १९६८पूर्वीच्या टेनिसच्या यादीत सर्वोत्तम खेळाडू असतीलच असे नाही. ज्यांना पैसे न घेणे परवडले, किंवा ज्यांनी अजून ते उघडपणे घेतले नव्हते, तेच त्या यादीत आहेत.