पायलची वही

22 नोव्हेंबर 2024

परवा मतदान झालं आणि काल पहाटेपासून गावातून ट्रॅक्टर सुटू लागले. उसाचा गाळप हंगाम सुरू झालाय, तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे फोन थांबत नव्हते. ट्रॉलीत ताडपत्री, बांबू, पिठाचे डबे, दोन शेळ्या आणि सगळ्यांत वर बसलेली पोरं. आमच्या शिरूर कासार तालुक्यात हे दर वर्षीचं आहे. तरीही सातवीच्या पटावरच्या 31 पैकी 18 जणच समोर उरले की हजेरी घेताना आवाज आपोआप खाली येतो.

मागं राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह आहे. म्हणायला वसतिगृह, मुलं रात्री आजी-आजोबांकडं झोपतात, दोन वेळचं जेवण शाळेत, आणि संध्याकाळी दीड तास अभ्यासवर्ग. तो दीड तास माझ्याकडं आहे. पाढे आणि शुद्धलेखन झालं की शेवटचा अर्धा तास मी वाचून दाखवते.

25 नोव्हेंबर

कपाटातून फास्टर फेणे काढला. मुखपृष्ठ केव्हाच गेलंय, पहिली दोन पानंही नाहीत. बनेश फेणे हा फुरसुंगीचा, एवढं वाचल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, फुरसुंगीत माझी मावशी राहती!" मग मावशीचं घर, घरामागचा रस्ता, तिथली रहदारी हे सगळं ऐकून घ्यावंच लागलं. त्यानंतर तो मुलगा अर्धा तास हलला नाही. फेणे त्याच्या मावशीच्या गल्लीतला झाला होता.

फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांची वाट कशी गेली ते मला फार मोलाचं वाटतं. जन्म 1910 चा, इंदूरचा. 'बालमित्र' मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुस्तकं ज्यांनी लहानपणी वाचली त्यांना अजून आठवतात. चंद्र आणि शेंडेनक्षत्र फिरून झाल्यावर त्यांनी स्वतःचा नायक घडवला तो मात्र फुरसुंगीचा, सायकलवरचा, शाळेत जाणारा. व्हर्नकडून वेग घ्यायचा आणि गाव आपलं ठेवायचं. मासिक चालवताना मुलांची पत्रं वाचल्याशिवाय हे साधत नाही, असं माझं मत आहे.

2 डिसेंबर

बरीच वर्षं मी मोठ्यांसाठी कथा लिहिते. दिवाळी अंकांत येतात, एक संग्रह निघाला. बहुतेक कथा ऊसतोडीच्या, बायकांच्या. पुण्या-मुंबईहून वाचकांचे फोन येतात, गळा दाटून बोलतात, आणि ते खरंच मनापासून बोलतात. पण ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या घरातल्या सातवीच्या मुलीला त्या कथा देऊन काय होणार? आई पहाटे तीनला उठून फडात जाते, पाठीला कळ लागते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोठ्या वाचकाला स्थिती दाखवली तरी तो थांबतो, विचार करतो. मुलगी विचारते, मग पोरीनं काय केलं?

या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकाही कथेत नाही. माझ्या कथांतल्या मुली कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दाराशी बसून धाकट्या भावाला सांभाळतात आणि कथा संपते.

5 डिसेंबर

आज फेणे वाचून झाल्यावर एका मुलीनं स्वतःहून सांगायला सुरुवात केली. गेल्या हंगामात ती आई-वडिलांबरोबर गेली होती. वडिलांना वाचता येत नाही. ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर गेली की वजनाची चिठ्ठी मिळते, ती ते हिच्याकडून वाचून घेत. ही आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. हंगाम सरता सरता मुकादमाच्या वहीतला आकडा आणि हिच्या वहीतला आकडा जुळेना.

"मग?" सगळा वर्ग एकदम.

"मग भांडण झालं. मग आम्ही आलो."

मुलं नाराज झाली. गोष्ट इथं तुटते हे त्यांना पटलं नाही, आणि मलाही नाही. घरी येऊन जेवणाआधीच पहिलं पान लिहिलं. कुमार कादंबरी लिहायची असं ठरवून बसले नव्हते. नायिका बारा वर्षांची, टोळीतली एकुलती वाचता येणारी, आणि तिच्याजवळ एक वही.

9 डिसेंबर

नायिकेच्या नावावरून बराच वाद. मी गोदा ठेवलं होतं. "गोदा म्हंजी आज्ज्यांचं नाव, मॅडम." वर्गानं पायल ठेवलं. चांगलं आहे, हाक मारायला सोपं आहे.

24 डिसेंबर

साने गुरुजींच्या जन्माला आज 125 वर्षं पूर्ण झाली. परिपाठात दोन शब्द बोलायचे होते; तयारी करताना मीच अडकून बसले.

1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालय त्यांच्याकडं आलं. मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालणारे, कंदील पुसून ठेवणारे गुरुजी आपण ऐकून असतो. पण ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, रोज, हाताने, हे मला लेखनाच्या दृष्टीनं त्याहून मोठं वाटतं. पुढं 'विद्यार्थी' मासिक. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं टिपून घेतली. आणि नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 च्या गुरुवारी 'श्यामची आई' लिहायला घेऊन 13 तारखेच्या सोमवारी पहाटे हातावेगळी केली. काही रात्री बाहेर आल्यावर लिहिल्या, पण बहुतेक पुस्तक त्या पाच दिवसांतलं. वय 33.

पाच दिवसांत लिहिलं याचंच सगळ्यांना नवल वाटतं. मला वाटतं, सहा वर्षं रोज संध्याकाळी मुलं समोर बसत होती तेव्हाच त्यांच्या लेखणीला ऐकणाऱ्याची सवय लागली. पुस्तकाची रचनाच बघा ना: श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना सांगतो, प्रकरणांना नावंसुद्धा 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी'. मधेच कुणी काही विचारतं, कुणी उद्या सांग म्हणतं. ऐकणारे पुस्तकाच्या आत बसलेले आहेत. मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

गेल्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मी गेले होते. मांडवात बालसाहित्यावर बोलणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण मुलं चित्रं काढत होती दुसऱ्या मांडवात. दोन्ही मांडव एक असते तर किती बरं झालं असतं, हे आज पुन्हा जाणवलं.

3 जानेवारी 2025

आता रोज लिहिलेलं संध्याकाळी वाचते. हातात पेन्सिल. मुलं कुठं चुळबुळतात तिथं समासात रेघ. पहाटेच्या धुक्याचा परिच्छेद मला फार आवडला होता. तिथं दोघांनी पाण्याची परवानगी मागितली. पायलची वही बैलाच्या वैरणीत सापडत नाही त्या पानाला एक मुलगा बाकावरून अर्धा उठून उभा होता.

ज्यांनी मधली तीन-चार वर्षं निम्मीच शाळा पाहिली त्यांचं वय तेरा आहे आणि वाचन चौथीचं. बाजारात चौथीच्या वाचनाची पुस्तकं म्हणजे ससे आणि पऱ्या. तेराव्या वर्षी उसाचं पाचट सोललेल्या मुलाच्या हातात ससा देणं हा त्याचा अपमान आहे. वाक्य लहान हवं, जोडाक्षरांची गर्दी नको, प्रकरण एका बैठकीत संपावं. पण आत विषय मात्र पुरा हवा: कर्ज, भीती, मैत्री, चोरी, धाडस. मी या मुलांसाठी लिहितेय हे आता नक्की ठरलं. इतरांनी वाचलं तर आनंदच आहे.

10 जानेवारी

कादंबरीसाठी उसाच्या मोळीचं वर्णन हवं होतं. म्हटलं, कुणी दाखवाल का? काटा-चिठ्ठीवाली मुलगी उठली. शाळेमागं हिरव्या मक्याची ताटं होती, त्यातली दहा-बारा मागून आणली. दोन ताटांचे पाल्याकडचे शेंडे एकमेकांवर ठेवून तळव्यानं असा काही पीळ दिला की दोरी तयार झाली. ती जमिनीवर अंथरली, वर बाकीची ताटं आडवी, मग गुडघा दाबून धरला आणि पिळाची टोकं ओढून आत खोचली. गाठ नाही. "उसाला वाढ्याचं करतेत. गाठ मारली की सोडाया टाइम लागतो." तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि ओट्यावर टेकवलेल्या फळीवरून पाऊल तिरपं टाकत चढून दाखवलं. "सरळ टाकलं की सटकतंय."

तिरपं पाऊल. तिसऱ्या प्रकरणाला जे हवं होतं ते मिळालं.

19 जानेवारी

पुण्याच्या एका प्रकाशकांना पहिली सहा प्रकरणं पाठवली होती. फोन आला. आवडलं म्हणाले, मग विचारलं, वयोगट कोणता छापायचा? संवादांतली बोली थोडी सौम्य करता येईल का? आणि बालवाचकांना इतकं कर्जबिर्ज झेपेल का?

मी सांगितलं, निवेदन प्रमाण भाषेत आहेच, बोलणं मात्र पायल बोलेल तसंच राहील. आणि कर्ज ज्यांच्या घरात आहे त्यांना ते पुस्तकात झेपतं. ते समजून घेणारे गृहस्थ आहेत. पूर्ण झालं की पाठवा म्हणाले.

'किशोर'चे जुने अंक चाळतेय. पाठ्यपुस्तक मंडळानं 1971 साली सुरू केलेलं हे मासिक आमच्यासारख्या शाळांत अजून येतं. मराठीतले किती मोठे लेखक यात मुलांसाठी लिहून गेले! त्यांनी मुलांसाठी म्हणून कमी प्रतीचं काही दिलं नाही.

12 फेब्रुवारी

रा. रं. बोराडे काल गेले. 1971 ची 'पाचोळा' मी अध्यापक विद्यालयात असताना वाचली. गंगाराम शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्या मराठवाडी बोलीत. तोवर आमचं बोलणं पुस्तकात यायचं ते हसवण्यापुरतं. आपली बोली एवढं दुःख अख्ख्या कादंबरीभर पेलू शकते हे मला त्यांनी दाखवलं. पायल जे बोलते त्याला बोराडे सरांचा आधार आहे. संध्याकाळी वर्गात त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं, दोन मिनिटं त्यांच्याविषयी सांगितलं आणि मग सातवं प्रकरण वाचलं.

8 मार्च

शेवट अडलाय. मुलांचे दोन तट. एक म्हणतो, मुकादमाला पोलिसांनी धरावं. दुसरा म्हणतो, मग पुढच्या हंगामाला उचल कोण देणार? हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं बोलणं. एक मुलगी मात्र ठामपणे म्हणाली, "काय बी करा, तिला रडवू नका. जिंकवा."

मुलांच्या पुस्तकात आशा असावी असं मला मनापासून वाटतं. पण उचल जादूनं फिटली असं लिहिलं तर ही मुलं पुस्तक मिटवतील. पायलला जिंकता येईल तेवढंच जिंकू द्यायचं: टोळीतल्या सगळ्यांसमोर आकडा मोठ्यानं वाचणं, आणि मुकादमाला त्याची वही उघडायला लावणं. एवढं पुष्कळ आहे.

17 एप्रिल

टोळ्या परतल्या. वर्ग पुन्हा भरला. उन्हानं रापलेले चेहरे, एकाचा हात कोयत्यानं कापलेला, आता सुकत आलाय. आलेल्यांना पहिल्यापासून वाचून दाखवावं लागतंय, आणि मागं राहिलेले त्यांना पुढचं सांगून टाकतात म्हणून भांडणं होतात.

20 एप्रिल

काटा-चिठ्ठीवाल्या मुलीचे वडील आले होते. तिनं घरी सगळं सांगितलेलं. टोपी मांडीवर ठेवून व्हरांड्यात बसले, म्हणाले, "बाई, तुमची ती पोरगी काट्यावर किती येळा जाती?"

एकदा, मी म्हटलं. भरलेल्या ट्रॉलीबरोबर.

"काटा दोनदा होतो. भरलेली एकदा, खाली करून रिकामी एकदा. रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवलं की ऊस कमी भरतो. आन् गाडी खाली व्हायाला रात्रीचे दोन-तीन वाजतेत. तवा कुणी जागं नसतंय."

मी वही आणली आणि त्यांना सावकाश सांगायला लावलं: नंबर कसा लागतो, ड्रायव्हर कुठं झोपतो, काट्याच्या खिडकीत कोण असतं, आकडा कुठल्या बाजूनं दिसतो. चहा दोनदा झाला.

म्हणजे पायलला रात्री दोन वाजता कोपीतून निघून गाडीतळावर जावं लागणार, आणि एकटीनं जाणं मला मान्य नाही. तिच्याबरोबर कोण असेल? चौथ्या प्रकरणात शेळीच्या मागं धावणारा तो शेजारच्या कोपीतला मुलगा आहे. त्याला मी उगाच विसरले होते. त्याच्याकडं बॅटरी आहे. नववं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेते.