बोनकोड्याच्या गच्चीवरचे बटाटे

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीने कोपरखैरणे स्टेशनावर उतरले, की बोनकोडे तिथून जवळच. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. खाडीकाठच्या आगरी मंडळींची भातखाचरे त्यात गेली. आज गावठाणाच्या चहूबाजूंना इमारतीच इमारती.

माझा पुतण्या तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात हिशेब लिहितो आणि इथे भाड्याने राहतो. गेल्या फेब्रुवारीत त्याच्याकडे जाण्याचा योग आला. घरमालकीण मावशी सत्तरीच्या पुढच्या. मी शेतीखात्यातला माणूस म्हटल्यावर चहा तसाच राहिला आणि त्या मला थेट गच्चीवर घेऊन गेल्या.

"साहेब, शेत गेलं. पण हात गप्प बसत नाहीत ना!"

गच्चीवर आठ गोण्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांतला बटाट्याचा पाला पिवळा पडत आला होता. मला नवलच वाटले. बटाटा पोसायला रात्रीचा गारवा लागतो, आणि खाडीकाठी तो मिळतो जेमतेम डिसेंबर-जानेवारीत. मावशींनी नोव्हेंबरच्या मध्यावर लागण करून तेवढाच गारवा नेमका साधला होता. खाऱ्या मातीचेही या पिकाशी जमत नाही. गोणीत ती अडचण नव्हती.

खत मात्र पहिल्या वर्षी फसले होते. गोठा नाही, म्हणून मावशींनी भोके पाडलेल्या पिंपात घरचा ओला कचरा, झाडांचा पाला आणि पुतण्याने बाजारातून आणलेली भाजीची पाने कुजत घातली आणि दीड महिन्यात तेच गोणीत भरले. काही बेणे सडले. जे बटाटे आले ते सुपारीएवढे, सालीवर खडबडीत चट्टे. "अर्धं कच्चं होतं हो," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला पिंप वैशाखात भरून दिवाळीनंतरच उघडले.

मी मूठभर खत हातात घेतले. ऊब नाही, घाण वास नाही, कशाचे खत ते ओळखू येत नाही. मुरलेल्या खताची परीक्षा हीच.

मला तिथे सातगाव पठार आठवले. आंबेगाव तालुक्यातल्या या पठारावर पावसाळी बटाटा होतो. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथल्या एका शेतकऱ्याला लागणीच्या तोंडावर शेणखत भरपूर टाका म्हणून सांगितले होते. खत मुरले आहे की नाही, ते पाहिले नाही. उकिरडा तसाच शेतात गेला, त्याबरोबर हुमणी गेली. निम्मे बटाटे पोखरलेले निघाले. त्या बिचाऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट जेवायला बसवले. तो घास अजून घशात आहे.

मावशींची राखेबद्दल शंका होती. राखेत पालाश असते आणि बटाटा नत्रापेक्षाही पालाश जास्त ओढतो, हे खरे. पण राखेने माती चुनखडी वळणाला जाते आणि तेच खडबडीत चट्टे वाढतात. गोणीला चिमूटभर पुरे.

गोणीत जमले ते शेतात तसेच्या तसे जमेल, असे कोणी समजू नये. हेक्टरी 20 टन चांगल्या शेणखतात ढोबळमानाने 100 किलो नत्र असते, पण पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्सा येतो. बटाटा तीन महिन्यांत उरकणारे पीक, त्याला थांबायला सवड कुठली? म्हणून रब्बी बटाटा घेणाऱ्यांनी पावसाच्या सुरुवातीला ताग पेरून फुलोऱ्यात गाडावा, लागणीला निंबोळी पेंड द्यावी, आणि माती तपासून कमी पडेल ते खुशाल वरखताने भरून काढावे. एका वर्षात सगळी वरखते तोडली तर उतारा घटतो. घरात लग्न काढले असेल तर हा प्रयोग चार गुंठ्यांवरच करावा.

त्या दुपारी दोन गोण्या आम्ही उपड्या केल्या. अडीच किलो भरले, साल स्वच्छ. मावशींनी त्यातलेच बारीक बटाटे बेण्याला बाजूला काढायला सुरुवात केली. मी हात धरला. उष्ण भागात मावा बटाट्यात विषाणू रोग पसरवतो आणि घरचे बेणे वर्षागणिक खालावते. थंड प्रदेशातले खात्रीचे बेणे घ्यावे.

"मग पुतण्याला सांगा," त्या म्हणाल्या, "बाजारात बसतोय तर तेवढं तरी करू दे." आणि बारीक बटाटे त्यांनी रश्श्याला घेतले.