कामातली विद्या

परदेशी जाऊन विद्या मिळवावयाची म्हणजे तेथील विद्यापीठाची पदवी घेऊन यावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही जयपूरच्या ज्या विद्याधर नगरात राहतो, त्या वसाहतीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. १७२७ साली वसविलेल्या जुन्या जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव या वसाहतीला दिलेले आहे, आणि तिचा आराखडा १९८० नंतरच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी केला. पुण्यात जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले दोशी १९५१ मध्ये पॅरिसला गेले, ते ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम करावयास. पहिले आठ महिने त्यांस वेतनही नव्हते. नकाशे काढता काढता मिळालेली ती विद्या पुढे त्यांना जन्मभर पुरली.

कामाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान देण्याची रीत कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये आरंभापासूनच स्वीकारली. अलीकडे कॅनडा व ऑस्ट्रेलियातील काही विद्यापीठांनी ती आपल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांकरिता देशाबाहेर नेली. विद्यार्थी काही महिने परक्या देशात राहतो, तेथे काम करतो, आणि त्या कामाची नोंद त्याच्या अभ्यासात होते. जमीन, भाषा आणि वाडवडिलांचे ज्ञान यांविषयीचे आपल्या घरचे प्रश्न दुसऱ्या खंडातील मूलनिवासींनाही पडलेले आहेत, हे त्यास तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

हे वाचताना आम्हांला उदयपूरकडील काथोडी आठवतात. खैराचा गाभा उकळून कात काढण्यात निष्णात असलेल्या या लोकांना काही पिढ्यांमागे ठेकेदारांनी महाराष्ट्रातून कोटडा व झाडोलच्या रानांत आणले. त्यांच्या बोलीत मराठीच्या खुणा अद्याप आढळतात. म्हणजे राजस्थानातील आपणां मराठी मंडळींचे ते एका अर्थी शेजारीच. आपण येथे नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने आलो. तेही कामासाठीच आले. आपल्या मुलांनी परदेशी केलेल्या उमेदवारीला आपण शिक्षण म्हणतो. त्यांच्या पिढीजात कसबाला मात्र मजुरी एवढेच नाव मिळाले.

अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार परदेशी शिक्षणासाठी दरवर्षी २० शिष्यवृत्त्या देते. त्यांपैकी ३ अत्यंत दुर्बल अशा आदिम जमातींकरिता राखीव आहेत. या आदिम जमातींची यादी राज्यवार आहे. महाराष्ट्रात कातकरी व गुजरातेत काथोडी तीत आहेत. राजस्थानात केवळ सहरिया आहेत. त्यामुळे एकाच कुळातला मुलगा रायगडात असला तर त्या तीन जागांवर हक्क सांगू शकतो, झाडोलात असला तर त्यास उरलेल्या सतरांकडेच पाहावे लागते. शिवाय ही शिष्यवृत्ती पदव्युत्तर अभ्यासाची व संशोधनाची आहे. पदवीच्या वर्गातील मुलास काही महिने परदेशी काम करून शिकावयाचे असल्यास तिचा उपयोग नाही.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही, असे आम्हांस वाटते. यादी राज्याच्या सीमेवर न अडवता जमातीमागे जाऊ द्यावी, आणि शिष्यवृत्तीतल्या थोड्या जागा कामातून शिकणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. वनस्पतिशास्त्र शिकणारी एखादी काथोडी मुलगी न्यूझीलंडातील माओरींच्या वनात चार महिने काम करून आली, तर ती येताना पुष्कळ काही घेऊन येईल. आणि खैराविषयी तेथे तिला सांगता येण्याजोगेही थोडे नसेल.