हातोड्याचा स्वभाव

स्वारीचा जन्म 1486 सालचा, जर्मन मुलखातल्या श्पायर गावच्या छापखान्यातला. नाव 'मॅलिअस मॅलेफिकारम', म्हणजे चेटकिणींचा हातोडा. बोलणं लॅटिनमध्ये. प्रश्न स्वतःच विचारायचा, शंका स्वतःच काढायची आणि उत्तरही स्वतःच द्यायचं. समोरच्याला तोंड उघडायला जागाच नाही. चेटकिणी असतात हे पहिल्या भागात, त्या काय करतात ते दुसऱ्यात, त्यांचा खटला कसा चालवायचा ते तिसऱ्यात. सुरुवातच अशी की, चेटकिणी असतात हे नाकारणं म्हणजे पाखंड का? होय, असा निकाल देऊनच हा पुढे सरकतो. म्हणजे अजून एकही चेटकीण सापडलेली नसते, पण शंका घेणारा आधीच गुन्हेगार ठरलेला असतो.

एवढी घाई कशाची, ते बाप पाहिला की उलगडतं. हाइन्रिश क्रामर, डोमिनिकन पंथाचा संन्यासी, पाखंड हुडकून काढायला नेमलेला. 1484 सालचं पोपचं आज्ञापत्र घेऊन तो पुढच्या वर्षी इन्सब्रुकला गेला. तिथे हेलेना शॉयबेरिन नावाच्या बाईने त्याला भर रस्त्यात शिव्याशाप दिले आणि त्याच्या प्रवचनांना जाऊ नका म्हणून लोकांना सांगत सुटली. क्रामरने तिच्यासकट काही बायकांवर खटला भरला आणि चौकशीत तिच्या शेजघरातल्या गोष्टी उकरायला लागला. बिशपच्या माणसालाच ते ऐकवेना. याचा इथे काय संबंध, म्हणून त्याने अडवलं. बायकांच्या वकिलाने कामकाजातल्या चुका काढल्या, खटला बरखास्त झाला, सगळ्या सुटल्या. बिशप गेओर्ग गोल्झरने क्रामरला गाव सोडायला सांगितलं, आणि वयामुळे याचं अगदी पोर झालंय, असंही पत्रात लिहून ठेवलं. दुसऱ्या वर्षी हातोडा छापून तयार!

धर्मवेड म्हणजे श्रद्धेचा अतिरेक, असं आपण सहज बोलून जातो. मला या ग्रंथात श्रद्धेपेक्षा डूखच जास्त दिसतो. चारचौघांत पाणउतारा झालेल्या माणसाला आपलंच खरं होतं हे दाखवायचंय, आणि साक्षीला त्याने देवाला उभं केलंय.

त्यामुळे हरणं हातोड्याच्या स्वभावात बसत नाही. चेटकिणीला रडू येत नाही, हे याचं ठाम मत. न्यायाधीशाने आरोपीला रडायला सांगावं. डोळे कोरडे राहिले तर संपलंच. गाल ओले दिसले तर थुंकी लावली असेल, नीट पाहा. आणि खरोखरच रडली तर? तर देवाच्या परवानगीने सैतानही तिला रडू देऊ शकतो! छळात बोलली तर कबुली, गप्प राहिली तर सैतानाने तिची वाचा बांधली. नवा पुरावा नसताना छळ पुन्हा करता येत नाही, हा नियम याला तोंडपाठ. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या छळाला हा 'पुढे चालू' म्हणतो.

याला हसू म्हणजे काय ते ठाऊक नाही. चेटकिणी पुरुषांची इंद्रियं चोरून पाखरांच्या घरट्यात ठेवतात, तिथे ती दाणे खातात, असं हा सांगतो. एकजण आपलं परत न्यायला गेला आणि त्यातलं सगळ्यात मोठं उचलू लागला. चेटकीण म्हणाली, ते नको, ते गावच्या पाद्रीबाबांचं आहे. गुत्त्यावर पिकणारी ही गोष्ट. हातोडा ती पुरावा म्हणून नोंदवतो.

मग असल्या विक्षिप्ताला लोकांनी घरात घेतलंच का? रावेन्सबुर्गजवळ गारपिटीने पिकं झोपली, तेव्हा 1484 साली आग्नेस आणि आना या दोन बायकांना जाळलं. झाडाखालच्या खड्ड्यात पाणी ओतून बोटाने ढवळलं आणि गारा पाडल्या, अशी कबुली आग्नेसच्या तोंडून काढली होती. गारांवर फिर्याद लावता येत नाही, बाईवर लावता येते. अर्थात शेजारणीवर आळ घ्यायला पुस्तक लागत नाही. आपल्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवणाऱ्यांनी कुठलं लॅटिन वाचलं होतं? पोर आजारी पडलं, गुरं दगावली, जमिनीवरून जुनी खुन्नस असली की भागतं. हातोड्याने त्या खुन्नसीला कोर्ट मिळवून दिलं, कार्यपद्धती दिली, आणि मनाला टोचणी लागू नये म्हणून पुण्यही दिलं.

सगळ्यांनीच याचं ऐकलं असंही नाही. खुद्द स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड हुडकणाऱ्या धर्मन्यायालयाने, 1538 साली आपल्या माणसांना बजावलं की यातलं सगळंच खरं मानू नका. 1520 नंतर पन्नासएक वर्षं नव्या आवृत्त्या जवळजवळ थांबल्याच होत्या. मग थंडी वाढली, पिकं बुडू लागली, पंथापंथांत लढाया पेटल्या, आणि 1574 पासून स्वारी पुन्हा छापखान्यात. युरोपभर चाळीस ते पन्नास हजार माणसं या खटल्यांत मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे; त्यांत बहुतेक बायका. सगळं पाप याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही, पण तर्क याचाच चालत होता.

1628 साली बाम्बेर्गचा नगराध्यक्ष योहानेस युनिउस त्या तर्कात सापडला. तुरुंगातून त्याने मुलीला चोरून पत्र लिहिलं, छळाने मोडलेल्या हातांनी. त्यात तो सांगतो की, छळ करणाऱ्या जल्लादानेच त्याला विनवलं : देवासाठी काहीतरी रचून सांगा, नाहीतर हे थांबायचं नाही. त्याने रचून सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही, साथीदार हवे होते. तेव्हा त्याला गावातल्या एकेका रस्त्याचं नाव घेऊन विचारलं, इथे तुझ्या ओळखीचं कोण राहतं?