पाण्याखालची थरथर

तर्जनीच्या मुळाशी, जिथे बोट तळहाताला मिळतं, तिथे एक जागा आहे. एरवी ती असल्याचं जाणवतही नाही. पण खाडीच्या काठी, उतरत्या उन्हात, गळाचं तंगूस पाण्यात सोडून बसलं की सगळं शरीर हळूहळू त्या एका जागेत गोळा होतं. पाठीला टोचणारा जांभा, घामेजलेली मान, पलीकडच्या माडांतून येणारी कुणाची तरी हाक, सगळं मागे पडत जातं आणि उरते ती फक्त वाट पाहणारी त्वचा. मग केव्हातरी गढूळ हिरव्या पाण्याच्या तळाशी, डोळ्यांना कधीच न दिसलेलं कुणीतरी आमिषाला तोंड लावतं, आणि त्याची थरथर तंगुसावरून शेंड्याकडे, शेंड्यावरून अख्ख्या काठीतून चालत येऊन नेमकी त्या जागी उमटते. टक्. टक् टक्. आणि पुन्हा काहीच नाही.

ते काहीच नसणंही किती भरलेलं असायचं.

मामाचं घर देवबागला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मे महिन्यातल्या दुपारी आजी पडवीत आडवी झाली की मामा डोळ्यांनीच खूण करायचा, आणि आम्ही गरवायला निघायचो. त्याची काठी माणगा बांबूची. सिंधुदुर्गात घराघरांच्या परड्यात असतो तो माणगा, आतून जवळजवळ भरीव, न तडकता वाकणारा. मामा काठी बेटातच हेरून ठेवायचा. पाऊस सरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात ती तोडायची, म्हणजे भुंगा लागत नाही असं तो म्हणे. मग तिची पेरं तासायची, निखाऱ्यावर शेकत शेकत वाक काढायचा आणि चुलीच्या वर धुरात ती कितीतरी दिवस नुसती ठेवून द्यायची. त्या काठीला कायम धुराचा वास यायचा. मासे, मीठ, चिखल, काही केल्या तो वास जात नसे.

पहिल्यांदा ती माझ्या हातात देताना मामा म्हणाला होता, "हात ढिलो ठेव गो. ओढू नको. आधी तेका काय सांगूचा आसा ता सांगांदे."

आणि पाणी सांगायचं. बारीक मासळी आमिष कुरतडते तेव्हा हाताला घाईघाईचे चिमटे येतात. कुर्ली लागली की थरथर नसतेच, कुणीतरी हट्टानं बाजूला खेचत राहावं तसा एक मंद, जड ताण तेवढा येतो. शेंगटी डोकं झटकते, आणि तो झटका मनगटापर्यंत पोचतो. तांबोशी मात्र फारसं सांगत बसत नाही. एकच धक्का, आणि मग तिची खडपाकडे धाव. शेवाळ अडकलं तर नुसतंच मुकं वजन. हे सगळं डोळे मिटून ओळखता यायला लागलं तेव्हा मला वाटलं होतं की खाडीनं आपल्याला ओळख दिली. लहानपणी अशी ओळख एकदा मिळाली की ती आयुष्यभर हातात राहते. हात मात्र पुढे भलत्याच कामांत गुंततात.

मामा गेला. माणग्याचं बेट अजून आहे, पण ते पारखणारा हात नाही. आणि इतक्या वर्षांनी, शहरात राहून, पन्नाशी ओलांडल्यावर, एका साध्या संध्याकाळी तर्जनीच्या मुळाशी ती जागा दुखावी तशी जागी झाली. तेव्हा ठरवलं, आपली स्वतःची काठी घ्यायची. विकतची, पण चांगली. हातात होते सहा-सात हजार रुपये. त्यात काठी, रीळ, दोरी, गरी, शिसं, सगळंच आलं. म्हणजे काठीच्या वाट्याला फार तर तीन-साडेतीन.

मुंबईतल्या त्या जुन्या दुकानात भिंतीला लागून काठ्या उभ्या होत्या, काळ्या, निळ्या, लाल, सोनेरी नक्षीच्या. आत शिरले आणि माझा हात नकळत वास शोधू लागला. धूर नव्हता. पण त्या चकचकीत नळ्यांचं कूळ धुराशी अगदीच परकं नाही, हे मला ठाऊक होतं. इंग्लंडात 1496 साली गळाच्या मासेमारीवर जो ग्रंथ छापला गेला, ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीच्या नावावर जो सांगितला जातो, त्यातही काठी थंडीच्या दिवसांत तोडायला, उष्णतेनं सरळ करायला आणि छपराखाली धुरात सुकवायला सांगितलंय. कुठलं ते हेझलचं झाड आणि कुठला आमचा माणगा! पण मामाचा हात आणि त्या जोगिणीचा हात एकच काम करत होते, हे वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

मग बांबूच्या चिरफळ्या सहा बाजूंनी जोडून काठ्या झाल्या. त्यांच्यासाठी दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू जगभर जायचा. 1950 मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार थांबवला, तो बांबू तिथे मिळेनासा झाला, आणि नुकत्याच आलेल्या फायबरग्लासच्या काठ्यांचं फावलं. विमानांसाठी शोधलेला कार्बनचा धागा 1973 मध्ये फेनविक कंपनीच्या काठीत आला. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक तो धागा, राळेत भिजवलेल्या त्याच्या कापडाचा थर निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, भट्टीत भाजतात, मग सळई ओढून काढतात. राहते एक पोकळ, हलकी नळी. पुन्हा आग, पुन्हा सरळ होणं. काठी काही आगीवाचून होत नाही.

दुकानदार वयस्क होते. त्यांनी आधी किंमत विचारली नाही. "कुठे बसणार, ताई?" एवढंच विचारलं. खाडीच्या काठी, खडपांवर, जिवंत कोळंबी लावून, असं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी दहा-बारा फुटांच्या सगळ्या काठ्या बाजूला सारल्या. त्या पुळणीवरून लाटांच्या पलीकडे शिसं भिरकावायच्या. खाडीला सात ते आठ फूट पुष्कळ. मग मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेले आकडे त्यांनी दाखवले, 10 ते 30 ग्रॅम. इतकं वजन ही काठी मनापासून फेकते. त्याहून हलकं लावलं तर ती वाकतच नाही, जड लावलं तर तिच्या जिवावर येतं. आणि वाकण्याच्याही तऱ्हा आहेत. कुणी फक्त शेंड्याच्या तिसऱ्या हिश्शात वाकते, कुणी निम्म्यापर्यंत, कुणी पार मुठीपर्यंत कमान होते. शेंड्याशी वाकणारी निरोप लवकर आणते आणि खडपाकडे धावणाऱ्या तांबोशीला वळवायचं बळही तिच्या उरलेल्या अंगात राहतं. मुठीपर्यंत वाकणारी माशाचे झटके स्वतः सोसते, बारीक तंगूस तुटू देत नाही. दोघींमध्ये चांगली-वाईट कुणीच नाही. तुमचं पाणी कुठलं, एवढाच प्रश्न.

एकेक काठी मी हातात घेत गेले. नुसत्या फायबरग्लासच्या स्वस्त, दणकट, कशाही वापरा. पण त्यांच्या जाडसर अंगात बारीक थरथर वाटेतच विरते. निव्वळ, उंची कार्बनच्या काठ्या हातात आहेत की नाहीत असं वाटावं इतक्या हलक्या. किंमत दहा, पंधरा, वीस हजार. त्यांच्यात धागा जितका ताठ तितका निरोप लख्ख, पण अंग तितकंच ठिसूळ. जांभ्या खडकावर एकदा आपटून बारीकशी चीर पडली तरी पुढे कधीतरी, ऐन ताणात, ती काठी तिथेच मोडू शकते. आणि यांच्या मधोमध, दोन्ही धागे मिसळून केलेल्या काठ्या उभ्या होत्या. कार्बनचं कान देणं आणि फायबरग्लासचं सोसणं. माझ्या तीन-साडेतीन हजारांत बसणाऱ्या त्या याच.

त्या दुकानात मला जे उमगलं ते अजून मनातून जात नाही. मधली किंमत म्हणजे मन मारणं नव्हे. पहिल्या काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत जाताना तुमचा प्रत्येक रुपया तुमच्या तळहाताला काहीतरी देत असतो; काठी हलकी होते, शेंडा जागा होतो, कड्या गुळगुळीत होतात. त्याच्या पुढेही पैसा देत राहतो, नाही असं नाही, पण तो देतो ते दिवसभर शेकडो वेळा गळ फेकणाऱ्या हातांसाठी. खडपावर बसून वाट पाहणाऱ्या माझ्या हाताला जे हवं, ते सगळं मधेच भेटतं. आपल्या ऐपतीत आपलं सुख पुरेपूर मावतं, हे कळण्यातही एक थंडावा असतो.

मात्र मधल्या किमतीत पारख हवी, कारण त्याच पैशांत कुणी काठीला रंग चढवतो आणि कुणी जीव घालतो. आम्ही काठीचे दोन्ही तुकडे जोडले. सांध्याशी खुळखुळ नको, बळजबरीही नको. मग मुठीकडून एक डोळा मिटून पाहिलं, साऱ्या कड्या एका रेषेत शेंड्यापर्यंत जातात का. साधारण जितके फूट तितक्या कड्या आणि वर एखादी, म्हणजे ताण सगळ्या अंगात वाटला जातो. कमी असतील तर कुणीतरी तिथेच हात राखलाय असं समजावं. मी पर्समधला कापूस काढला आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवला. कुठेही तंतू अडकला तर तिथे कपची उडालेली असते, आणि तीच दोरीला कातरते. आतलं अस्तर चिनी मातीसारख्या कठीण, गुळगुळीत पदार्थाचं हवं आणि धातू खाऱ्या हवेत न गंजणारा. रीळ बसतं ती जागा घट्ट आवळून हलवून पाहिली. रीळ चढवल्यावर काठी एका बोटावर तोलली. रिळाच्या जरा पुढे ती स्थिरावली, शेंड्याकडे झुकली नाही. शेंड्याकडे झुकणारी काठी तासाभरात मनगट मागते, आणि माझ्या वयाच्या मनगटांना ते परवडत नाही.

शेवटी मी मूठ हातात धरली, सैल, मामानं सांगितली होती तशी, आणि डोळे मिटले. दुकानदारांना म्हटलं, शेंड्यावरून नुसतं नख फिरवा. बाजारात मडकं घेताना बायका टिचकी मारून कान लावतात, तसा मी तळहात लावला. पहिल्या काठीत खरखर आली, लांबून. दुसरीत कुठेतरी मध्येच बुडाली. तिसरीत त्यांचं नख जिथे थांबलं तिथे थांबली, जिथे पुन्हा निघालं तिथे निघाली. त्यांनी दोनदा हलकेच टेकवलं, तर माझ्या तर्जनीच्या मुळाशी दोनदाच उमटलं. टक्. टक्.

साधी काळी काठी. नक्षी नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. सव्वातीन हजार.

उरलेल्या पैशांत रीळ आणि विणलेली दोरी घेतली. तंगूस ताणलं जातं, आणि ताणता ताणता निरोपाचा बराच भाग स्वतःच पिऊन टाकतं. विणलेली दोरी जवळजवळ ताणत नाही. म्हणून काठीतच सारे पैसे ओतू नयेत. थरथर पाण्यापासून हातापर्यंत येते ती अनेकांच्या अंगावरून, आणि त्यातला एक जरी बहिरा निघाला तरी हाताशी काहीच पोचत नाही. फक्त टोकाला गरीपाशी मी अजून थोडं तंगूस बांधते, खडपाच्या घासणीला ते जास्त पुरं पडतं. आणि तंगुसाशी जुनी माया आहे, तीही आहेच.

आता काठी दाराआड उभी असते. खाडीवरून आले की तिला गोड्या पाण्यानं धुते, कड्यांच्या पायाशी साचलेलं मीठ बोटानं काढते, पुसते, सावलीत वाळवते. ढगांत वीज दिसली की ती खाली ठेवून दूर होते, कारण कार्बनमधून वीज वाहते. या सगळ्यात फार वेळ जात नाही, पण जो जातो तो मला फार प्रिय आहे. मामा चुलीवरच्या धुरातली काठी अधूनमधून काढून, हात फिरवून, पुन्हा ठेवायचा. त्याला तेव्हा कसलं काम नसायचं. आता कळतं, तेच काम होतं.

भाची हल्ली मागे लागली आहे. तिलाही काठी हवी, आणि मावशीची आहे तशीच हवी. मी तिला म्हटलं, पैसे मी देईन, चार हजारांच्या वर जाणार नाही, आणि दुकानात तुझ्याबरोबर येईन. पण माझ्यासारखी नको. तुझं मनगट वेगळं, तू बसशील तो काठ वेगळा, तुझी वाट पाहण्याची रीत वेगळी. मूठ सैल धर, डोळे मिट, आणि जी काठी सगळ्यात कमी गाळून सांगेल ती घे. कुठली, ते मला विचारू नकोस. त्या घडीला जाणणारा हात एकच असतो, आणि तो तुझा आहे.