मापात पाप

बिदरजवळचं कोळार आज कारखान्यांच्या वसाहतीमुळं लोकांना ठाऊक आहे. माझ्या लहानपणी तिथून बिदरला जायचं म्हणजे आज्जाच्या टांग्यातून. माळेगावच्या यात्रेतून आणलेली त्याची घोडी मराठी, कानडी, दखनी अशा तिन्ही भाषा जाणायची. उतार लागला की आज्जा "निधान, निधान" म्हणायचा. कानडीत निधान म्हणजे सावकाश. हरभरा मात्र तो न बोलता मोजायचा. मापटं भरून वर हात फिरवायचा. "मुक्या जनावराच्या मापात पाप नको," म्हणायचा.

एका पावसाळ्यात घोडी तापानं फणफणली आणि आठवड्यात गेली. कशानं गेली, ते कुणालाच कळलं नाही. पुढं मी जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस झालो, त्यामागं ते न कळणंच असावं.

तिथं माझ्याकडं आला घोड्यांचा हर्पिस विषाणू. याच्यामुळं गाभण घोड्या गाभडतात. विषाणू तराजूत घालता येत नाही. त्याचा जोर तो जिवंत पेशींचं काय करतो त्यावरून मोजायचा. 1952 साली अमेरिकेत रेनातो दुलबेको यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पेशींचा पातळ थर वाढवून त्यावर विषाणू सोडला. तोही घोड्यांचाच, मेंदूज्वराचा. थरात पडलेलं एकेक भोक म्हणजे एकेका कणाची करणी, हे त्यांनी दाखवलं. आमची रीत त्याहून जुन्या हिशेबाची, रीड आणि म्यूंच यांनी 1938 साली मांडलेली. ताकात पाणी घालावं तसा विषाणू दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जायचा. 96 खळग्यांच्या ताटलीत पेशी वाढवलेल्या असतात. प्रत्येक पातळीचा थेंब आठ-आठ खळग्यांत सोडायचा. चार-पाच दिवसांनी पाहायचं. लागण झालेल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटतात. ज्या पातळीला निम्मे खळगे बाधतात, ते माप. लाखपट पातळ केलेल्या 0.1 मिलिलिटरनं निम्मे खळगे बाधले, तर मूळ एका मिलिलिटरात अशा दहा लाख मात्रा.

एकदा संध्याकाळची बस गाठायची होती. एका पातळीतून दुसरीत जाताना पिपेटची टिप दर वेळी बदलायची असते. मी एकाच टिपेवर काम उरकलं. टिपेला चिकटलेला विषाणू पुढं पुढं जात राहिला आणि माप दहापट फुगलं. त्याच मापावर घोड्यांच्या रक्ताची तपासणी लावली. रक्तद्रवात ठरलेल्या 100 मात्रा मिसळायच्या आणि तो पेशींना वाचवतो का ते पाहायचं. मी 100 समजून घातल्या, प्रत्यक्षात पडल्या 10. शत्रूच दुबळा, तेव्हा ज्या घोड्यांच्या रक्तात प्रतिकार नावापुरता होता, त्याही कागदावर सबळ ठरल्या.

नशीब एवढंच, की वापरलेला विषाणू त्याच दिवशी पुन्हा मोजायचा नियम होता. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले. "टिप बदलली होतीस?" मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. "अहवाल गेला असता तर घोडेवाल्यानं विश्वास ठेवला असता रे. त्याला कुठं आपली ताटली दिसते?"

आज्जाच्या घोडीलाही मापटं दिसत होतं, पण मोजता कुठं येत होतं?

त्या रात्री बस सोडली. नवी ताटली घेतली, दर पातळीला नवी टिप. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं. आमच्या सीमेवर त्याच्या शेजारीच कानडी निधान राहतं. इतकी वर्षं दोन्ही शब्द घरात होते, पण एकाला दुसऱ्यावाचून चालत नाही हे मला त्या रात्री कळलं. नंतरचं माप दहापट कमी आलं. जुना अहवाल फाडला आणि सगळ्या घोड्यांचं रक्त पुन्हा तपासायला घेतलं.