ब्रेकवरचा पाय

साखरेने उजव्या पायाची बोटं बधिर झाली. पेडल किती दाबलं गेलं हे तळव्याला कळेनासं झालं, तसं पेशंट घेऊन गाडी चालवणं मी थांबवलं. आता पुतण्या चालवतो, मी शेजारी बसतो.

आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या धंद्यात कौतुक वेगाचं. मला आयुष्यभर छळलं ते ब्रेकने. स्ट्रेचरवर पेशंटचं डोकं चालकाकडे असतं. ब्रेक दाबला की अंगातलं रक्त डोक्याकडे लोटतं, रेस दिली की पायांकडे. डोक्याला मार लागलेल्याला पहिलं नको, रक्त गेलेल्याला दुसरं. २०१८ साली जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज झालं. त्याआधी कितीतरी पेशंट आम्ही सहा नंबरच्या हायवेने धुळ्याला न्यायचो. रस्ता अरुंद, समोरून केळीचे ट्रक, पण सपाट. तिथे निभायचं.

घाटात निभत नाही. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात न्यायचं तर कन्नडचा घाट चढावा लागतो, डोकं वर, पाय खाली. बाळंतपणात रक्त गेलेली बाई त्या चढावर पांढरी पडताना मी आरशात पाहिली आहे. पायथ्याशीच तिच्या पायांखाली घोंगडीची घडी सरकवायचो. वळणावर ट्रक अडकला असेल तर लांबूनच वेग कमी करत यायचं, म्हणजे थांबावं लागत नाही आणि पुन्हा निघताना हिसका बसत नाही. बिजासन घाटातल्या अपघाताचा पेशंट शिरपूरकडे आणताना सगळं उलट होतं, उतार आणि डोकं खाली. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर विसंबायचं नाही. याच उताराखाली पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला. तरीही कुठेतरी ब्रेक लागतोच. तो कसा दाबायचा हे कोणीही शिकवेल. कधी सोडायचा यातच सगळं आहे.

२६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, ९३७ गाड्या, आत डॉक्टर. आमच्या मॅटाडोरमध्ये एक सिलिंडर आणि एक वॉर्डबॉय असायचा. १०८ बद्दल मला मनापासून आदर आहे. राग येतो तो दवाखान्यांबाहेर उभ्या खासगी गाड्यांचा. सायरन लावून सुसाट निघतात आणि गतिरोधकावर पेशंट आपटतात. त्याला सेवा म्हणत नाहीत.

मला गर्व होता, हे सांगायलाच हवं. उतरताना नातेवाईक म्हणायचे, ‘भाऊ, सलाईननी बाटली हालनी नही.’ हे ऐकण्यासाठी मी दवाखान्यात उगाच रेंगाळायचो. दुसऱ्या चालकाचं असं कौतुक कानावर आलं की माझा दिवस कडू व्हायचा. पेशंट वाचला का, हे मी त्यानंतर विचारायचो.

पुतण्याला मी रिकाम्या गाडीत स्ट्रेचरवर निजवलं आणि दुसऱ्या चालकाला कन्नडचा घाट चढवायला लावला. वर पोचल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. तेव्हापासून चढ तो सुरेख घेतो. उतारावर मात्र त्याचा पाय अजून जड पडतो. मी म्हणतो, ‘आधी सोड.’ तो म्हणतो, ‘काका, आधी म्हणजे नेमका कधी?’ येत्या रविवारी रिकामी गाडी घेऊन बिजासनला जायचं ठरलंय. गाडी तो चालवेल, स्ट्रेचरवर मी निजेन.